भोपाळला आलेली ‘गिधाडे’ आणि भारतात न घडलेला वकीलवर्ग

१९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. प्रेतांची मोजदाद पूर्ण व्हायच्या आतच, ७ डिसेंबरला, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या चार्ल्सटन येथील न्यायालयात कंपनीविरुद्ध पंधरा अब्ज डॉलरचा दावा दाखल झाला. दावा आणणाऱ्या वकिलांत एक नाव होते मेल्विन बेली. पुढच्या काही दिवसांत असे अनेक अमेरिकी वकील भोपाळच्या वस्त्यांत हिंडू लागले आणि वकीलपत्रांवर सह्या, अंगठे घेऊ लागले. भारतीय आणि अमेरिकी वृत्तपत्रांनी त्यांची संभावना ‘गिधाडे’ अशी केली. चाळीस वर्षांनंतरही भोपाळच्या इतिहासात हे वकील त्याच एका शब्दात आटोपले जातात. या धाग्याचे म्हणणे असे की, हा शब्द सोयीचा आहे आणि म्हणूनच तो तपासायला हवा.

प्रथम बेली कोण, ते पाहू. १९०७ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोरा या खाणकामाच्या गावी जन्म, १९३३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून कायद्याची पदवी. त्या काळी अमेरिकेत अपघातग्रस्ताचा दावा चालवणे हे वकिलीतले हलके काम मानले जाई. प्रतिष्ठित पेढ्या रेल्वे कंपन्या आणि विमा कंपन्या यांची कामे करीत. चाकाखाली पाय गेलेल्या कामगाराकडे जात ते बहुधा आयरिश, इटालियन, ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले, रात्रशाळेत कायदा शिकलेले वकील. त्यांच्यासाठी ‘रुग्णवाहिकेमागे धावणारे’ ही शिवी रूढ झाली. व्यवसायाची नीती ज्यांनी लिहिली, ते प्रतिपक्षाचे वकील होते, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

या वकिलांचा चरितार्थ चाले तो निकालावर अवलंबून असलेल्या फीवर. दावा जिंकला तर भरपाईचा ठरलेला हिस्सा, बहुधा एक तृतीयांश. हरला तर काहीच नाही. अशिलाच्या खिशातून दमडी जात नाही. परंतु डॉक्टरांच्या साक्षी, अभियंत्यांचे अहवाल, नकाशे, प्रतिकृती यांचा खर्च वर्षानुवर्षे वकीलच करतो. म्हणजे असा वकील अर्धा विधिज्ञ आणि अर्धा सावकार. कोणते दावे घ्यायचे आणि कोणते परतवायचे, याचा अंदाज चुकला की त्याची पेढी बुडते. इंग्लंडमध्ये ही पद्धत निषिद्ध होती. अमेरिकेच्या वकील संघाने १९०८ च्या नीतिसंहितेत ती नाइलाजाने, न्यायालयाच्या देखरेखीखाली, मान्य केली.

बेलीने या हलक्या कामाचे शास्त्र बनवले. सॅन फ्रान्सिस्कोत ट्रामखाली पाय गमावलेल्या एका तरुणीच्या खटल्याची गोष्ट तो आयुष्यभर सांगत असे. खटला चालू असताना त्याच्या मेजावर खाटकाच्या पिवळ्या कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू रोज ठेवलेली असे. आत तोडलेला पायच असणार, या शंकेने ज्यूरी अस्वस्थ. शेवटच्या दिवशी त्याने कागद सोडला; आत कृत्रिम पाय होता. तो त्याने ज्यूरींच्या हाती फिरवायला दिला आणि त्याचे बंद, बिजागऱ्या, वजन त्यांना अनुभवू दिले. ही नाटकबाजी होती, यात वाद नाही. पण जन्मभर असा पाय बांधून चालणे म्हणजे काय, हे शब्दांनी न कळणारे सत्यही त्यातून न्यायालयात आले. १९५४ मध्ये त्याने ‘मॉडर्न ट्रायल्स’ या ग्रंथात अशा दृश्य पुराव्याची पद्धत मांडली. तोवर १९४६ मध्ये पोर्टलंड येथे स्थापन झालेली वादींच्या वकिलांची संघटना वाढू लागली होती. हार्वर्डच्या विधी विद्यालयाचे माजी अधिष्ठाता रॉस्को पाउंड यांनी तिच्या नियतकालिकाचे संपादन स्वीकारले, तेव्हा या हलक्या वकिलांना प्रथमच विद्वत्तेचे कवच मिळाले.

कायद्याच्या इतिहासातली त्यांची खरी कमाई मात्र वेगळीच आहे. कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या स्त्रीच्या हातात कोका-कोलाची बाटली फुटली. तिचा खटला बेलीने चालवला. १९४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी स्वतंत्र निकालपत्रात म्हटले की, सदोष मालाने इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही उत्पादक जबाबदार धरला जावा. तेव्हा ते एकट्याचे मत होते. १९६३ मध्ये त्याच न्यायालयाने तोच कायदा म्हणून स्वीकारला. तत्त्व न्यायमूर्तीचे, पण ते तत्त्व बोलून दाखवायला प्रसंग लागतो. आणि एका परिचारिकेइतकेही वेतन नसलेल्या स्त्रीचा प्रसंग सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारा कोणी तरी लागतो.

बेली संत नव्हता. खटला जिंकला की कचेरीच्या छपरावर चाच्यांचा झेंडा चढवून तोफ उडवणे, दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’मध्ये भूमिका करणे, व्हिस्कीच्या जाहिरातीत झळकून महिनाभर निलंबित होणे, हे सारे त्याने केले. भोपाळमध्ये जे घडले ते तर अमेरिकेतही नियमबाह्य ठरले असते. १९७८ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णालयात खाटेवर पडलेल्या अपघातग्रस्त मुलीला गाठून वकीलपत्र घेणाऱ्या वकिलावरील शिक्षा योग्य ठरवली होती. आपल्या देशात जे करण्याची मुभा नाही ते परक्या देशातील शोकाकुलांच्या दारी करणे, याचे समर्थन होऊ शकत नाही.

परंतु याच ठिकाणी दुसरा प्रश्न उभा राहतो. ही ‘गिधाडे’ ज्या दारांशी आली, त्या दारांशी भारतीय वकील का नव्हता?

उत्तराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. दुसऱ्याच्या दाव्यात पैसा गुंतवून हिस्सा घेण्याविरुद्धचा इंग्रजी नियम भारतात लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच स्पष्ट केले होते. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेतील स्थानिक दुरुस्तीने दाव्याला पैसा पुरवणारा त्रयस्थ गृहीतच धरला आहे. म्हणजे शेजारचा व्यापारी हिस्सा ठरवून दाव्याला पैसा देऊ शकतो. वकील मात्र नाही. १९५४ मध्ये ‘जी’ या आद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका ज्येष्ठ अधिवक्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, वसुलीत हिस्सा ठरवणे हे वकिलासाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. इतर कोणी केला असता तर त्या करारात बेकायदेशीर काही नव्हते, हेही त्याच निकालात आहे. वकिली व्यवसायाची शुचिता राखली गेली. त्यासोबत दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात वाढणारे न्यायालयीन शुल्क आणि जाहिरातीवर बंदी. परिणाम असा की, निर्धन जखमीचा मोठा दावा चालवून उदरनिर्वाह करता येईल, असा वकीलवर्ग भारतात रुजलाच नाही. अपवाद दोन: १९२३ च्या कायद्याखालील कामगार भरपाई, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतरची मोटार अपघात दावा प्राधिकरणे. तिथे मात्र वकील भरपूर आहेत. मार्ग मोकळा असला की माणसे येतात, एवढेच त्यावरून दिसते.

ही उणीव प्रथम सविस्तर मांडली गेली ती न्यूयॉर्कच्या न्यायालयात, आणि तीही भारत सरकारतर्फे. खटला अमेरिकेतच चालावा म्हणून सरकारने अभ्यासक मार्क गॅलंटर यांचे प्रतिज्ञापत्र सादर केले. भारतात अपकृत्य कायदा अविकसित आहे, त्या विषयात मुरलेले वकील नाहीत, विलंब असह्य आहे, असा त्याचा आशय. युनियन कार्बाइडतर्फे प्रतिज्ञापत्र दिले ते नानी पालखीवाला यांनी: भारतीय न्यायव्यवस्था हा खटला चालवण्यास पूर्ण समर्थ आहे. स्वतंत्र राष्ट्राचे सरकार आपल्या न्यायालयांची असमर्थता परक्या न्यायाधीशापुढे सिद्ध करते आहे आणि मुंबईचा थोर घटनातज्ज्ञ त्याच न्यायालयांची थोरवी परक्या कंपनीच्या बाजूने गातो आहे, याहून विचित्र दृश्य भारतीय विधी-इतिहासात क्वचितच सापडेल. १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश जॉन कीनन यांनी पालखीवालांची बाजू उचलून खटला भारतात धाडला.

तोवर पीडितांच्या हातून वकील निवडण्याचा हक्कच गेला होता. मार्च १९८५ च्या कायद्याने केंद्र सरकार सर्व पीडितांचे एकमेव प्रतिनिधी झाले. हेतू रास्त होता, निदान अंशतः: गिधाडांपासून रक्षण. पण कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीचे सुमारे २२ टक्के भाग सरकारी संस्थांकडे होते. असे हितसंबंध असलेल्या खासगी वकिलाला कोणत्याही न्यायालयाने बाजूला केले असते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांच्या वतीने झाली, त्यांना कोणी विचारले नाही. कायदा घटनात्मक आहे, हा निकालसुद्धा तडजोडीनंतर दहा महिन्यांनी आला. साडेपाच लाखांहून अधिक दावे मंजूर झाले आणि बहुसंख्य जखमींच्या वाट्याला आले पंचवीस हजार रुपये. २००४ नंतर जवळपास तितकेच आणखी.

अमेरिकी वकिलांनी याहून बरे केले असते का? मार्च १९८६ मध्ये त्यांच्यातील काहींनी ३५ कोटी डॉलरवर तडजोड करण्याची तयारी दाखवली होती आणि भारत सरकारने ती फेटाळली, हे सांगितलेच पाहिजे. आपला हिस्सा लवकर हाती यावा म्हणून कमी रकमेवर मान डोलावणे, हा या व्यवसायाचा जुना रोग आहे. तरीही एक फरक उरतो. असा वकील अशिलाला बदलता येतो, त्याच्यावर तक्रार करता येते, आणि त्याचे नशीब अशिलाच्या नशिबाला बांधलेले असते. बेलीचेच पाहा. स्तनरोपणाने इजा झालेल्या स्त्रियांचे दावे त्याने डाऊ कॉर्निंगविरुद्ध चालवले आणि तज्ज्ञांवर स्वतःचा पैसा ओतला. मे १९९५ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी डिसेंबरात बेलीही दिवाळखोर झाला आणि १९९६ च्या जुलैत वारला.

भोपाळच्या एकमेव प्रतिनिधीला अशी झळ लागली नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडजोड कायम ठेवताना बजावले होते की, रक्कम अपुरी पडली तर तूट केंद्र सरकारने भरावी आणि पुढे आजारी पडू शकणाऱ्यांसाठी विमा उतरवावा. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेटाळली. त्या निकालात नोंद आहे की, तो विमा सरकारने उतरवलाच नव्हता.