टेंट कुठे लावायचा? धबधब्याजवळ नक्कीच नाही!

मृग लागला की आमच्या चिंचोटीला अचानक भाव येतो. एरवी हायवेवरून अहमदाबादकडे जाताना "हे कुठलं रे गाव?" म्हणून ज्यांनी काच खाली केलेली नसते, त्यांना जूनमध्ये माझा नंबर सापडतो. "अरे, तुमच्या धबधब्याजवळ रात्री टेंट लावता येतो का? फॅमिली आहे, मुलं आहेत, पाणी जवळ असेल अशी जागा सांग." मी दरवर्षी एकच उत्तर देतो. नाही. आणि मग दरवर्षी मी गावचा खडूस माणूस ठरतो.

तर मंडळी, आज जरा सविस्तर खडूसपणा करतो.

पहिली गोष्ट कायद्याची. चिंचोटीचा धबधबा तुंगारेश्वर अभयारण्याच्या जंगलात आहे. हे अभयारण्य 2003 साली जाहीर झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकून राहता येत नाही. शिवाय पावसाळ्यात धबधब्यावर जायलाच मनाई करणारा आदेश बहुतेक वर्षी निघतो. तो आदेश लोक कसा पाळतात हे रविवारी सकाळी चिंचोटी नाक्यावर उभं राहून बघा. करमणूक फुकट आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि खरी गोष्ट हीच. धबधब्याकडे जाणारी वाट ओढे ओलांडत जाते. सकाळी ज्या ओढ्यात पोराचे घोटे भिजतात, तोच ओढा वर डोंगरात तासभर जोराचा पाऊस झाला की कमरेला लागतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी! 7 जुलै 2018 ला नेमकं हेच झालं. पाणी वाढलं, परतीची वाट बंद झाली आणि शंभराहून जास्त माणसं अडकली. त्यांना बाहेर काढता काढता सगळ्यांचा दिवस गेला, आणि एक जण मात्र परत आलाच नाही. आणि हे झालं दिवसाउजेडी. हेच पाणी रात्री दोन वाजता आलं असतं, माणसं चेन लावलेल्या तंबूत झोपलेली असती, तर?

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, हळहळले, पुढे पाठवला. पुढच्या आठवड्यात मला फोन चालूच. "आम्ही काठावरच राहू रे, पाण्यात उतरणार नाही."

काठावर म्हणजेच पाण्यात, हे कोणी लक्षात घेत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे शिस्त नाही, अमेरिकेत बघा कसं छान असतं. बघू या की. शिकागोकडे राहणारी आपली मराठी मंडळी उन्हाळ्यात भाड्याची आरव्ही काढून विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेकला जातात. तिथे प्रत्येक जागेला नंबर असतो, आरक्षण कित्येक महिने आधी करावं लागतं, नळ आणि संडास ठरलेले, गाडीचं घाण पाणी कुठे ओतायचं ते ठरलेलं, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर आवाज बंद. हे सगळं चांगलंच आहे. पण नंबर दिला म्हणून पाणी अडत नाही. 11 जून 2010 ला आर्कान्सामधल्या आल्बर्ट पाइक या सरकारी कॅम्पग्राऊंडवर पहाटेच्या अंधारात नदी चढली आणि 20 माणसं गेली. अरुंद दरी, वर पाऊस, खाली झोपलेली कुटुंबं. त्यानंतर कित्येक वर्षं तिथला रात्रीचा मुक्काम बंद होता. 4 जुलै 2025 ला टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीकाठच्या मुलींच्या कॅम्पमध्ये तेच झालं. पाण्याला पासपोर्ट लागत नाही.

मग जागा निवडायची कशी? फोटो बघून नाही, एवढं आधी ठरवा. जाहिरातीत तळं असतं, दिव्यांची माळ असते, गिटार असते. संडासाचा फोटो असतो का? तोच मागा. धरणाकाठच्या एका ठिकाणी (नाव सांगत नाही) आम्ही साठेक माणसं होतो आणि संडास दोन. त्यांचा खड्डा पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. आता पवना धरणाचं उदाहरण घ्या, त्याचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. म्हणजे आपल्या "लेकसाईड" रात्रीचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या तरी नळात होतो.

जागेवर पोचलात की झाडांकडे बघा. फांद्यांत पालापाचोळा, प्लास्टिक, चिंध्या अडकलेल्या दिसतात का? तिथपर्यंत मागच्या वर्षी पाणी आलेलं असतं. ओढ्याचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या यायला लागल्या, की सामान सोडा आणि चढाला लागा. तंबूवर वाळकी फांदी नको. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे हवं. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी घ्यायची नाही, पेटते निखारेही नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

आणि मण्यार! हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावल्याचं धड कळतही नाही. म्हणून तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू हवा. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे, हे मालकाला आधी विचारा. उत्तर देताना तो हसला तर बुकिंग रद्द करा.

"आम्ही पूर्वी कुठेही झोपायचो, काही झालं नाही," असं सांगणारे जुने ट्रेकर भेटतात. खोटं नाही ते. पण ते बहुतेक थंडीत जायचे, गावातल्या देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायचे, आणि गावातल्याच कोणाला तरी विचारून जायचे. देऊळ उंचावर का असतं, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. "कुठेही" नव्हतंच ते.

मुळात आपल्याला मुक्काम करता येत नाही, हेच मला मान्य नाही. ऐन पावसाच्या तोंडावर लाखो माणसं आळंदी-देहूहून पंढरपूरला चालत जातात आणि वाटेत रोज तंबूत, राहुट्यांत झोपतात. तळ ठरलेले, दिंड्यांना नंबर, कोण पुढे कोण मागे ते ठरलेलं, टँकर, वैद्यकीय पथकं. जगातलं एवढं मोठं कॅम्पिंग आपण दरवर्षी करतो आणि चार कुटुंबांना एक बरी जागा देऊ शकत नाही?

माझा राग सरकारवरही आहे तो यासाठी. मनाईचा आदेश हा काही बंदोबस्त नव्हे. 2021 मध्ये राज्याने कॅरॅव्हॅनचं धोरण आणलं, साहसी पर्यटनाचंही आणलं. उत्तम. आता एक लहान काम करा. अभयारण्याबाहेर, गावाजवळच्या उंच जमिनीवर पंधरा-वीस तंबूंची जागा आखा. नळ, संडास, दिवा. चालवायला गावातली मुलंमुली, पैसे गावाला. आत गेलेल्यांची मोजणी, बाहेर आलेल्यांची मोजणी. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की कुलूप. धबधबा दिवसा लांबून बघा, रात्री वरण-भात खाऊन कोरड्यात झोपा.

हे केलं तर आदेश मोडायचं निम्मं कारण संपेल, असं मला वाटतं. उरलेल्या निम्म्यांना दोरी बांधून ओढायला आमच्या गावातली पोरं आहेतच. दरवर्षी तीच जातात, स्वतःचा जीव धोक्यात घालून. त्यांच्या आयांना विचारा एकदा, पाऊस किती रोमँटिक असतो ते.

असो. जागा शोधताय ना? माझा नंबर आहेच तुमच्याकडे. उत्तरही आता माहीत आहे. डिसेंबरात या, गावात या, देवळाच्या ओट्यावरची जागा मी स्वतः झाडून देतो.