तिजोरीची किल्ली आणि समितीची खुर्ची

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली आणि जवळजवळ चार वर्षे रिकामे पडलेले सभागृह पुन्हा भरले. मागच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेतली पाहिजे, असे राज्यघटनेचा २४३-यू हा अनुच्छेद सांगतो. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागांची फेरमांडणी आणि न्यायालयीन तारखा यांत वर्षे गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतरच राज्यातील स्थानिक निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. लोकप्रतिनिधी परत आले ही निःसंशय समाधानाची गोष्ट आहे. परंतु निकालानंतर चर्चा कशाची झाली? महापौर कोणाचा आणि स्थायी समिती कोणाकडे, याची. ज्या चार वर्षांत हजारो कोटी रुपये कोणत्याही लोकप्रतिनिधीने प्रश्न न विचारता खर्च झाले, त्या खर्चाचा हिशेब कोण मागणार, याची चर्चा जवळपास झालीच नाही.

स्थायी समितीला बोलीभाषेत ‘मलईदार समिती’ म्हणतात. हा शब्द इतका रुळला आहे की तो उच्चारताना कोणाला संकोच वाटत नाही. एखाद्या लोकशाही संस्थेची यापेक्षा मोठी नालस्ती दुसरी कोणती असू शकेल? म्हणून ही समिती मुळात कशासाठी निर्माण झाली, याचे स्मरण प्रथम करून देणे आवश्यक आहे.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा सर्व कार्यकारी अधिकार एकट्या आयुक्ताच्या हाती देण्यात आला होता. आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त कर्तबगार होते. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्यांनी धडाक्याने उरकली. त्यांच्या नावाने ओळखली गेलेली मंडई त्याच काळातली. परंतु कामांबरोबर खर्चही धडाक्याने वाढला, करांचा बोजा वाढला आणि खर्चाला लगाम घालणारी परिणामकारक यंत्रणा कायद्यातच नव्हती. १८७१ मध्ये करदात्यांच्या संतापाचा स्फोट झाला. त्या वादळात फिरोजशहा मेहता या पंचविशीतल्या तरुण बॅरिस्टरने प्रवाहाविरुद्ध उभे राहून एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. दोष केवळ एका अधिकाऱ्याचा नाही, घटनेचा आहे. अधिकारी दुबळा करून शहर सुधारणार नाही. त्याला हिशेब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा हवी. लोकांनी त्या वेळी त्यांची हुर्यो केली. परंतु १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली, तिच्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडून दिले आणि पैशावर लक्ष ठेवण्यासाठी बारा जणांचे ‘टाउन कौन्सिल’ नेमले गेले. १८८८ च्या कायद्यात तेच स्थायी समिती झाले. म्हणजे विवादास्पद खर्चाच्या एका मोठ्या भांडणातूनच या समितीचा जन्म झाला आहे. खर्च होण्याआधी प्रश्न विचारणे, हे तिचे जन्मदत्त काम आहे.

१८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्यातील रचना समजून घेतली तर तिच्यामागील विचार लक्षात येतो. आयुक्त अर्थसंकल्प मांडतो. तो प्रथम स्थायी समितीपुढे आणि नंतर सभागृहापुढे जातो. ठरावीक मर्यादेपलीकडचे कंत्राट समितीच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. मुख्य लेखापरीक्षकाने हिशेबांची साप्ताहिक तपासणी करून समितीला अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. प्रस्ताव एकाने मांडावा, मंजुरी दुसऱ्याने द्यावी आणि तपासणी तिसऱ्याने करावी, असे हे साधे सूत्र आहे. गावच्या सहकारी सोसायटीतही चिटणीस, पंच आणि हिशेब तपासनीस हे एकच असू नयेत, एवढे शहाणपण शेतकऱ्याला असते.

समितीतील बदलांविषयीचा नियमही असाच विचारपूर्वक केलेला आहे. सभागृहातील पक्षांच्या बळाच्या प्रमाणात सदस्य नेमले जातात. दर वर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी जायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. जुन्यांचा अनुभव टिकावा आणि नव्यांची नजर मिळावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात या नियमाचे काय झाले? वर्षभराची सदस्यता हा पक्षांतर्गत वाटपाचा जिन्नस बनला. ‘सर्वांना संधी’ या गोंडस नावाखाली राजीनामे घेतले जातात. नाराजांची समजूत घालण्यासाठी जागा फिरवल्या जातात. जो सदस्य नडतो, अवघड प्रश्न विचारतो, त्याचे नाव पुढच्या यादीतून अलगद गळते. त्याच वेळी अध्यक्षपदाची गोष्ट उलटी असते. मागील सभागृहात २०१८ पासून मुदत संपेपर्यंत ते एकाच सदस्याकडे राहिले. सदस्य बदलत राहतात, खुर्ची बदलत नाही. मग कागद वाचणारे अनुभवी डोळे तयार व्हायचे कसे?

२०२० च्या अखेरीस तर एका नामनिर्देशित सदस्याला स्थायी समितीत बसता येते की नाही, यावर वाद पेटला. त्याला अपात्र ठरवले गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या सदस्याच्या बाजूने निर्णय दिला. हे सारे घडत होते ते शहर महामारीत होरपळत असताना. मार्च २०२० मध्ये समितीने तातडीच्या खर्चाचे अधिकार आयुक्तांकडे सोपवले होते. संकटकाळी तसे करणे समजण्यासारखे आहे. रुग्णाला खाट आणि प्राणवायू हवा असताना निविदेची मुदत मोजत बसता येत नाही. परंतु सोपवलेला अधिकार कधी परत घ्यायचा आणि झालेल्या खर्चाचा तपशील किती दिवसांत पुढे ठेवायचा, हे त्याच ठरावात बजावणे हे समितीचे कर्तव्य होते. खुर्चीसाठी न्यायालयापर्यंत जाणाऱ्या पक्षांनी हिशेबासाठी तेवढीच धाव घेतली असती, तर पुढचा बराच अनर्थ टळला असता.

पुढे राज्यातले सरकार बदलले आणि नव्या सरकारने भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याकडून महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या खर्चाची विशेष तपासणी करवली. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधिमंडळात मांडला गेला. सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदा न काढताच दिली गेली आणि सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारपत्रच झाले नव्हते, असे त्यात नमूद आहे. महामारीच्या काळातील सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रे देण्यास महापालिका प्रशासनाने साथरोग व आपत्ती व्यवस्थापन कायद्यांचा आधार घेऊन नकार दिला.

हे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांची सफाई देण्याची जबाबदारी तत्कालीन सत्ताधाऱ्यांवर आहेच. परंतु लेखापरीक्षकाचा आक्षेप म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हेही विसरता कामा नये. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही तपासणी २८ नोव्हेंबर २०१९ पासूनच्या कारभाराची होती. हा त्या वेळच्या राज्य सरकारच्या शपथविधीचा दिवस. त्यापूर्वीची अनेक वर्षे महापालिकेत दोन पक्ष एकत्र सत्तेवर होते. त्या वर्षांचे हिशेब तपासावेत, असे कोणाला वाटले नाही. लेखापरीक्षणाची तारीख राजकीय पंचांगावरून ठरू लागली की हिशेबाचे हत्यार होते आणि सत्य बाजूला राहते.

या सर्व आरोपांमुळे मध्यमवर्गात एक समज बळावला: नगरसेवक नकोत, समित्या नकोत, प्रशासकच बरा. मार्च २०२२ पासून तसा प्रयोग झालाच. आयुक्तच प्रशासक झाले. स्थायी समितीचे आणि सभागृहाचे अधिकार त्यांच्याकडेच आले. प्रस्तावावर सही करणारा आणि मंजुरीवर सही करणारा हात एकच झाला. दीडशे वर्षांपूर्वी १८६५ च्या कायद्याने जे केले, तेच नकळत पुन्हा घडले. २०२२-२३ चा सुमारे ४५,९४९ कोटींचा अर्थसंकल्प २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटींवर पोहोचला. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कामे दिली गेली. त्यांतील शहर विभागाचे कंत्राट काम सुरूच न झाल्याने त्याच वर्षी रद्द करावे लागले. रस्ते नकोत असे कोण म्हणेल? परंतु कोणता रस्ता आधी, कोणत्या दराने, कोणाच्या वस्तीतला, हे विचारण्यासाठी निवडून आलेला एकही माणूस त्या टेबलाशी नव्हता. भ्रष्ट पहारेकरी नको म्हणून पहाराच उठवला, तर घर सुरक्षित होत नाही. चोरी उघडकीस येत नाही, एवढेच.

या प्रश्नाला अर्थशास्त्राचीही एक बाजू आहे. १८७१ चा करदाता म्हणजे प्रामुख्याने घरमालक व व्यापारी. तेव्हाचा मताधिकार त्यांच्यापुरताच होता. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली. आज झोपडीत राहणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईला मालमत्ता कराचे बिल येत नाही. म्हणून ती करदाती नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१७ साली जकात गेली आणि तिची भरपाई राज्य सरकार वस्तू व सेवा कराच्या उत्पन्नाच्या काळात महापालिकेला देऊ लागले. साबणाची वडी, चपलांचा जोड विकत घेताना ती बाई जो कर भरते, त्याचा अंश फिरून या तिजोरीत येतो. जकातीच्या काळातही किमतीत मिसळून तिने तो भरलाच होता. तिजोरी सर्वांची आहे. तिच्या किल्लीवर मूठभरांचा ताबा असणे हा केवळ प्रशासकीय दोष नसून सामाजिक अन्याय आहे.

सभागृह आता परत आले आहे, पण ते आपोआप पहारेकरी होणार नाही. त्यासाठी काही मागण्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत. प्रशासकीय राजवटीत झालेल्या मोठ्या मंजुऱ्यांची संपूर्ण यादी, रकमा आणि कामांची सद्यःस्थिती यांसह सभागृहापुढे ठेवावी. लेखापरीक्षकाचे अहवाल दप्तरात पडून न राहता समितीत चर्चेला यावेत. स्थायी समितीची विषयपत्रिका आणि प्रस्ताव बैठकीपूर्वी नागरिकांना उपलब्ध व्हावेत. विरोधी मत कारणांसह इतिवृत्तात नोंदले जावे. सदस्य बदलायचा असेल तर पक्षाने त्याचे कारण जाहीर सांगावे. तपासणी करायची तर ती सर्व वर्षांची, सर्व पक्षांच्या आणि प्रशासकांच्याही कारभाराची व्हावी.

या मागण्या सत्ताधारी आपखुशीने मान्य करतील, असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. १९६१ साली मृणाल गोरे महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हा त्यांनी उपनगरातील पाण्याचा प्रश्न सभागृहात नेला. पण त्या प्रश्नामागे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बाया होत्या, म्हणून तो प्रश्न हटला नाही. आज माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. प्रत्येक प्रभागात चार कार्यकर्त्यांनी विषयपत्रिका मिळवावी, आपल्या भागातील कामांचे दर आणि मुदती वस्तीत वाचून दाखवाव्यात, आणि नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, समितीत त्याने काय विचारले हे त्याला भेटून विचारावे. हे काम मोर्चापेक्षा कंटाळवाणे आहे. त्यात घोषणा नाहीत, छायाचित्रे नाहीत. डाव्या आणि समाजवादी चळवळीने अनेक वर्षे हे आकड्यांचे काम इतरांवर सोपवले, ही तिचीही चूक आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

अध्यक्षपद कोणत्या पक्षाकडे गेले, यावर शहराचे भवितव्य फारसे अवलंबून नाही. पुढच्या वेळी शेकडो कोटींचा प्रस्ताव टेबलावर येईल, तेव्हा तो किती मिनिटांत मंजूर होतो आणि त्यावर किती प्रश्न विचारले जातात, यावरून या सभागृहाची किंमत ठरेल. ती मिनिटे आणि ते प्रश्न मोजणारे लोक बाहेर उभे असतील, तरच आत बसलेल्यांना प्रश्न सुचतील.