छातीत घाव लागला, तरी आशा सोडू नका



काळजात सुरा घुसला म्हणजे माणूस संपला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बांधावरची मारामारी असो, की गाडीवरून पडून छातीत गज शिरलेला असो, लोक भोवती जमतात, हळहळतात आणि हातपाय गाळून बसतात. हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १८९३ मध्ये जेम्स कॉर्निश नावाच्या तरुणाला छातीत भोसकले. त्याला प्रॉव्हिडंट हॉस्पिटलात आणले. डॉ. डॅनियल हेल विल्यम्स या काळ्या डॉक्टरांनी ते १८९१ साली उभे केले होते, कारण काळ्या मुलींना नर्सिंगच्या शाळेत आणि काळ्या डॉक्टरांना इस्पितळांत प्रवेश नव्हता. याचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. तेव्हा क्ष-किरण नव्हते, पेनिसिलीन नव्हते, रक्तपेढी नव्हती. डॉक्टरांनी छाती उघडून हृदयाभोवतालच्या पिशवीला टाके घातले. कॉर्निश ५१ दिवसांनी घरी गेला आणि पुढे वीस वर्षांहून अधिक जगला. १८९६ साली जर्मनीत फ्रँकफर्टला डॉ. लुडविग रेन यांनी तर थेट हृदयालाच टाके घातले. तो २२ वर्षांचा तरुणही वाचला.

हृदयाला भोक पडले की रक्त या पिशवीत साठते. पिशवी पटकन ताणली जात नाही, त्यामुळे हृदय दाबले जाते. म्हणून बाहेर रक्त थोडे दिसले तरी फसू नका. मानेच्या शिरा फुगणे, दरदरून घाम, धाप, ग्लानी ही धोक्याची लक्षणे आहेत. असे पुष्कळ जखमी वाटेतच दगावतात. वेळेवर पोहोचलेल्यांतले मात्र अनेक जण वाचतात.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. छातीत रुतलेला सुरा, गज किंवा काच उपसू नका. तिनेच भोक बुजलेले असू शकते. ती वस्तू हलणार नाही अशी कापडाने आधार देऊन ठेवा. जखमेत हळद, चुना, बोळे कोंबू नका. पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. गावोगावचे दवाखाने फिरण्यात वेळ न घालवता, जिथे सर्जन व रक्त मिळेल तिथे, म्हणजे बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय गाठा. रक्त देऊ शकणारे दोघे-तिघे बरोबर घ्या. ऊसतोडीला परजिल्ह्यात जाणाऱ्या कुटुंबांनी तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

"पोलीस केस आहे, आधी कागद आणा" असे कोणी म्हणाले, तर परत फिरू नका. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. आम्हा कारकुनांचा जन्म कागदांत जातो, म्हणून खात्रीने सांगतो: कागद उद्याही होतो, थांबलेले काळीज उद्या चालू होत नाही.

हे घरातल्या लेकरांनाही वाचून दाखवा.