गुत्तेदार आधी काय बघतो?

मंडळी, इथल्या वन बीएचकेचा ईएमआय भरता भरता आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक साइड-प्रोजेक्ट चालू असतो... गावाकडचं घर! बाबा रिटायर होताहेत, दादाचं लग्न ठरलंय, वर एक खोली चढवायचीय. पैसे आपण पुण्याहून पाठवणार, कामावर लक्ष आई-बाबा ठेवणार. आणि सगळी मदार एकाच माणसावर. आमच्या मुखेडात त्याला गुत्तेदार म्हणतात.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे हाच सीन होता. तीन गुत्तेदार येऊन गेले. पहिल्याने अंगणात उभ्या उभ्याच स्क्वेअर फुटाचा रेट सांगितला. दुसऱ्याने मोबाइलवर एलिव्हेशनचे फोटो दाखवले, एकदम झकास! तिसरा आधी घराभोवती फिरला. मी रेट विचारला तर म्हणाला, "ताई, भिंत बघितल्याबिगर कसा सांगू?" कोपऱ्यातलं प्लास्टर खरवडलं, तर आत दगड आणि माती. "ह्याच्यावर मी स्लॅब टाकणार न्हाई." आईचा चेहरा पडला. माझं मत मात्र तिथेच पक्कं झालं.

का? कारण किल्लारी. माझी पिढी त्यानंतर जन्मलेली, पण मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला ती तारीख पाठ आहे. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं कोसळली. जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंप मोठा होताच, पण जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या माळवदाच्या वजनाने. मार्च 2024 मध्ये हिंगोलीजवळ 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. म्हणजे विषय संपलेला नाही. अशा भिंतीवर आणखी एक मजला चढवायला जो लगेच 'हो' म्हणतो, तो स्वस्त नाही, महाग आहे.

म्हणून माझा फंडा साधा आहे. गुत्तेदार काय दाखवतो यापेक्षा तो काय बघतो, ते बघा. पाया काळ्या मातीत आहे की खाली मुरमापर्यंत गेलाय, हे त्याने विचारलंच पाहिजे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे देते. त्यामुळे त्याचं नवंकोरं काम बघू नका. तीन-चार पावसाळे काढलेलं घर बघा आणि घरमालकाला गुत्तेदाराच्या मागे विचारा, 'गळतं का? शेवटी पैसे किती वाढले?'

जुन्या घरावर बांधायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा घर दाखवाच. त्याची फी एकूण खर्चापुढे किरकोळ असते. इंजिनीअरचं नाव काढताच जो गुत्तेदार तोंड वाकडं करतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता पैशांचं. 2017 मध्ये महारेरा आलं खरं, पण आपल्या प्लॉटवर एक खोली बांधून देणारा गुत्तेदार त्यात येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये घरबांधणी ही 'सेवा' धरलेली आहे, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. पण तिथे हातात कागद लागतो! तेव्हा सिमेंट कोणतं, लोखंड किती, मटेरियल कोणाचं, काम कधी संपणार, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या. उचल थोडीच द्या. पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या... पाया, जोतं, स्लॅब, प्लास्टर. शेवटचा हप्ता हातात राखून ठेवा.

आणि हो, स्लॅबच्या आदल्या दिवशी रजा टाका! नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉल. काँक्रीट पडलं की लोखंड कायमचं झाकलं जातं. कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात सोडलेली नकोत, आत वळवलेली हवीत. सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत. नंतर किमान दहा दिवस पाणी मारायचं, उन्हाळ्यात चौदा. टँकरचा खर्च आधीच धरा, नाहीतर तिथेच काटकसर होते.

आम्ही शेवटी वरची खोली सोडली आणि मागच्या अंगणात कॉलम घेऊन नवी बांधायला काढली. बजेट वाढलं, माझी गोव्याची ट्रिप गेली. चालतंय! त्या छताखाली झोपणार आहेत आई-बाबा. तुमच्याकडेही कोणी अंगणातूनच रेट सांगत असेल, तर त्याला आधी भिंतीजवळ न्या. बघा, काय म्हणतो ते!