पाळी कधी जाते, आणि कोण घालवते?

रायपुरात मराठी घरांतून संक्रांतीचे हळदीकुंकू असते. वाण लुटून झाले, तिळगूळ झाला, की चाळिशीच्या पुढच्या भगिनींच्या गप्पा ठरल्या विषयावर येतात. "तुमची पाळी गेली का हो?" हा प्रश्न पूर्वी दबक्या आवाजात व्हायचा. आता त्याच्या जोडीला दुसराही येतो. "गेली, की पिशवी काढली?" या दुसऱ्या प्रश्नासाठीच आम्ही हा मजकूर लिहीत आहोत. पुरुष वाचकांनी पान उलटू नये. ऑपरेशनच्या कागदावर घरच्यांची म्हणून जी सही लागते, ती बहुधा त्यांचीच असते.

पाळी कायमची थांबण्याचे सरासरी वय युरोप-अमेरिकेत 51 च्या आसपास आहे. आपल्या देशात ते 46 ते 47 धरले जाते. पंचेचाळिशीच्या आत थांबली तर लवकर, आणि चाळिशीच्या आत थांबली तर अकाली, असे वैद्यकशास्त्र मानते. कटकट एकदाची मिटली, असे पुष्कळ भगिनींना वाटते आणि ते आम्ही समजू शकतो. पण पाळीबरोबर शरीरातले जे संप्रेरक ओसरते ते हाडांना आणि हृदयाला सांभाळत असते. ते दहा वर्षे आधी गेले तर हाडे दहा वर्षे आधी ठिसूळ होऊ लागतात. साठीपर्यंत रुळावर किंवा टपालाच्या काउंटरवर उभे राहायचे असेल तर ही किरकोळ बाब नाही.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून या विषयावर हल्ली बरेच लिहून येते. आहार सुधारा, ताण घेऊ नका, योगासने करा. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पाळी केव्हा जाणार याचा निम्मा हिशेब आईकडून, आजीकडून आलेला असतो. उरलेल्यात सगळ्यात ठोस पुरावा आहे तो धूम्रपानाविरुद्ध. त्याने पाळी साधारण एक ते दोन वर्षे अलीकडे येते. आमच्या भगिनी विडी ओढत नाहीत, हे खरे. पण छत्तीसगडात गुडाखू आहे, जशी आपल्याकडे मशेरी. गुळात कालवलेली तंबाखूच ती, आणि निकोटीनही तेच. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दुपारपर्यंत तीनदा बोट डबीत जाते. भूक मरते, पोट साफ होते, झोप उडते. ज्या बाईला पहाटे चारला उठून दोन डबे करून कामावर पोचायचे आहे, तिला ही तिन्ही कामे एका डबीत होतात. तिला व्यसनी म्हणण्याआधी तिचे वेळापत्रक पाहावे.

खाण्याचेही तसेच. 2018 मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाने हजारो ब्रिटिश स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तेलकट मासे आणि ताज्या शेंगा खाणाऱ्यांची पाळी उशिरा गेली, पॉलिशचा भात आणि मैद्याची शेवई जास्त खाणाऱ्यांची लवकर. भाताने पाळी जाते असे त्यावरून कोणी समजू नये. त्यांनी एक संबंध नोंदवला, कारण सिद्ध केले नाही. धानाच्या या मुलखात कोणी भात सोडणारही नाही. मात्र ताटात भात भरपूर आणि डाळ पातळ, ती का पातळ, हे महिन्याचा किराणा भरणाऱ्याला आम्ही सांगायला नको. हाडकुळ्या शरीराची पाळी लवकर जाते, हेही अनेक पाहण्यांत दिसले आहे.

आता आपल्या खात्यांचा प्रश्न. अमेरिकेतील 80 हजारांवर परिचारिकांची नोंद वर्षानुवर्षे ठेवून केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या दोन वर्षांत वीस महिने किंवा अधिक काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांत पाळी लवकर जाण्याचा धोका सुमारे 9 टक्क्यांनी जास्त आढळला. आकडा लहान आहे, त्याचा बागुलबुवा आम्ही करणार नाही. पण स्टेशनमास्तर, लोको पायलट, तिकीट तपासनीस, आर.एम.एस.मध्ये रात्रभर थैल्या छाटणाऱ्या, या सगळ्या जागांवर आज भगिनी आहेत. त्यांचे रोस्टर पुरुषांच्याच काळात आखलेले आहे. 'जीवनशैली' हा शब्द आम्हाला खटकतो तो इथे. ज्याची पाळी तो स्वतः ठरवतो त्याला जीवनशैली असते. बाकीच्यांना ड्यूटी चार्ट असतो.

एवढे सगळे जमेस धरले तरी फरक पडतो तो वर्ष-दोन वर्षांचा. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र एका दुपारी दहा-पंधरा वर्षे जातात.

2012 साली याच रायपूरच्या आसपासच्या खेड्यांतून बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण देशभर गाजले. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत त्या वेळी कुटुंबामागे वर्षाला 30 हजार रुपयांचे कार्ड होते. पोटदुखी किंवा अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली, की कॅन्सरची भीती घालून कार्ड रिकामे केले जाई. काही डॉक्टरांच्या नोंदण्या निलंबित झाल्या. महाराष्ट्रातही 2019 मध्ये बीडच्या ऊसतोडणी भगिनींची पाहणी झाली. 82 हजारांवर बायकांमध्ये 13 हजारांहून अधिकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीच नको. हाही जीवनशैलीचाच प्रकार म्हणायचा काय?

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशा प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी 2013 मध्ये केलेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी दिला. अनावश्यक गर्भपिशवी काढणे रोखण्याची केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. आपल्या सदस्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

"बीजकोश ठेवलेत, काळजी नको," असेही सांगितले जाते. दोन्ही बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. पण ते ठेवले तरी पूर्ण निर्धास्त राहता येत नाही. ड्यूक विद्यापीठाच्या 2011 च्या अभ्यासात बीजकोश ठेवून पिशवी काढलेल्या सुमारे 15 टक्के स्त्रियांचे बीजकोश चार वर्षांत थकले. ऑपरेशन न झालेल्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव औषधाने आटोक्यात येत नसेल, तर ऑपरेशन जरूर करावे. आम्ही डॉक्टरांचे वैरी नाही. पण रुळावर काम करणारी बाई आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, मग जळजळ होते, ओटीपोट दुखते, आणि त्या दुखण्याचा शेवट पिशवी काढण्यात होतो. यात दोष पिशवीचा नाही, बांधल्या न गेलेल्या संडासाचा आहे.

रेल्वेच्या भगिनींना रेल्वेचे रुग्णालय आहे, टपालाच्या नियमित कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारची आरोग्य योजना. ग्रामीण डाक सेवक भगिनींना त्या योजनेत जागा नाही. खाजगी दवाखान्याच्या दारात त्याच सगळ्यात आधी उभ्या राहतात. ही मागणी मागण्यांच्या यादीत तळाला का, असे आम्ही आमच्याच पुढाऱ्यांना विचारतो. पंचेचाळिशीनंतर ज्या भगिनी रात्रपाळीतून सवलत मागतील त्यांच्या बढतीला धक्का लागू नये, आणि प्रत्येक गँगच्या टप्प्यावर संडासाची सोय व्हावी, या दोन गोष्टीही त्याच पत्रात जाव्यात.

रायपूर परिसरातील ज्या भगिनींना "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला आहे, त्यांनी तारीख घेण्यापूर्वी सोनोग्राफीचा कागद घेऊन शाखेच्या महिला समितीकडे यावे. टाटीबंधच्या एम्समध्ये किंवा आंबेडकर रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला समितीची एक भगिनी सोबत येईल. नवऱ्याला रजा मिळाली नाही तरी अडणार नाही.