एकोणतिसाव्या संध्याकाळी

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटतो आणि खजुराची गोडी जिभेवर असतानाच पावले गच्चीकडे वळतात. मावळतीच्या तांबूस पट्ट्याच्या जरा वर, कापलेल्या नखाएवढी एक रेघ आपण शोधू लागतो. ‘त्या माडाच्या शेंड्याच्या वर बघ,’ म्हणत बाप खांद्यावरच्या पोराला बोट दाखवतो. पण ती आधी दिसते शेजारच्या गच्चीवरच्या काकूंना, दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहून ज्यांची नजर आभाळाला सरावलेली आहे. दिसली तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा.

कुराणातल्या वचनाला आपण आयत म्हणतो. मूळ अरबीत त्या शब्दाचा अर्थ खूण असाही आहे. ग्रंथातली ओळ ही जशी आयत, तशीच आभाळातली ही रेघही. रात्रीमागून येणारा दिवस, समुद्रावर चालणारी जहाजे, मेलेल्या जमिनीला जिवंत करणारा पाऊस या साऱ्यांना कुराण खुणाच म्हणते. आणि पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातल्या आपल्याला ती शेवटची खूण समजावून सांगावी लागत नाही. ‘अर-रूम’ या तिसाव्या सुरेत तर माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपणही त्यात धरले आहे. म्हणजे आपली मराठीही एक खूणच! ज्यांची बोली आपल्याहून वेगळी, त्यांच्याशी मग किती अदबीने वागायला हवे!

खुणा अघटितात शोधण्याचा मोह मात्र जुनाच आहे. इसवी सन ६३२ मध्ये मदिनेत पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. आभाळही शोकात बुडाले, असे लोक बोलू लागले. पित्याच्या डोळ्यांतले पाणी खळले नव्हते. तरीही पैगंबरांनी सांगितले, की सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या दोन खुणा आहेत, कोणाच्या जन्म-मरणाने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसले की प्रार्थना करा. हदीसमधला हा प्रसंग आठवला की मन दरवेळी थबकते. स्वतःच्या दुःखाला आभाळाची साक्ष मिळत असताना ती नाकारायला केवढे बळ लागले असेल!

हाच नेमाचा चंद्र सुमारे ३५४ दिवसांचे वर्ष घडवतो, रमजानला दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे ओढतो आणि सुमारे ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरवून आणतो. वैशाखवणव्यातली तहान ज्याने सोसली, त्यालाच कधी हिवाळ्यातले आखूड रोजेही लाभतात. आणि ज्यांच्याबरोबर पहिला चंद्र पाहिला, त्यांतली काही माणसे तोवर गच्चीवर नसतात.

चंद्र दिसला की दुआला हात उठतात, गळाभेटी होतात आणि जिन्यावरून सगळे भराभर खाली उतरतात. शीरखुर्म्याचे दूध आटायला ठेवायचे असते, आणि त्याआधी फित्रा वेगळा काढायचा असतो. तो ईदच्या नमाजापूर्वी गरजूच्या घरी पोचला पाहिजे, म्हणजे त्याच्याही चुलीवर सकाळी काहीतरी शिजेल.