थोरांची ओळख

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे काय उभे राहते? आमच्या वर्गाच्या डोळ्यांपुढे तरी सिनेमातला, दोन्ही हात वर केलेला उंच कॅक्टस उभा होता. गेल्या हिवाळ्यात भूगोलाच्या सहलीला राजस्थानात निघालो, ते जणू त्यालाच भेटायला! जोधपूर सोडून बस जैसलमेरच्या रस्त्याला लागली. खडकाळ टेकाडावर काटेरी, हिरव्या खांबांचा जुडगा दिसताच "कॅक्टस! कॅक्टस!" असा एकच गलका झाला. बस थांबली, फोटो निघाले. चालक शांतपणे म्हणाला, "ये तो थोर है." आम्ही खो खो हसलो. आमच्या लेखी थोर म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीतले!

मी सहज एका खांबाला नख लावले. पांढरा चीक आला. गावी कुंपणाच्या निवडुंगाशी खेळताना आई ओरडायची, "चीक डोळ्यांत जाईल!" बांधावरच्या फड्या निवडुंगाबाबत मात्र तिची ताकीद काट्यांपुरतीच असे, त्याला चीक नसतो. परत आल्यावर ग्रंथालयात पुस्तके चाळली, तेव्हा या फरकाचा अर्थ कळला. थोर हा कॅक्टस नव्हेच. तो युफोर्बिया, आपल्या शेराचा भाऊबंद. कॅक्टसचे कूळ, एखादा अपवाद सोडल्यास, मूळचे अमेरिकेतले. सिनेमातला तो सग्वारो अ‍ॅरिझोना व मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात वाढतो. कोरड्या हवेत पाणी साठवता साठवता दोन परक्या कुळांनी सारखे रूप घेतले, इतकेच. आणि गंमत पाहा, ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला तो खरा कॅक्टस, म्हणजे फड्या निवडुंग, अमेरिकेतून येऊन कधीचाच आमच्या बांधावर रानोमाळ वाढतो आहे!

झाडाचे नाव चुकले, यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही मरुभूमी पाहिलीच नाही. मनात नेलेले चित्र तिच्यावर ठेवून परत आलो, हे मला मोठे वाटते. अहवालांत सर्वांनी 'कॅक्टस' लिहिले. मीही लिहिले. चीक बोटाला लागलेला असताना लिहिले! आईचे ज्ञान वर्गात सांगितले तर गावंढळ ठरेन, ही भीती होती. आमच्यासारखी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले असे किती तरी दारातच ठेवून आत येत असतील.

म्हणून गुरुजनांना एक नम्र सूचना. पुढील सहलीच्या अहवालात एक रकाना वाढवावा: स्थानिक नाव काय, आणि ते कोणी सांगितले? त्या रकान्यासाठी तरी आम्ही बसमधून उतरून कोणाशी बोलू.

पुस्तकांनी आजवर पुष्कळ थोरांची ओळख करून दिली. या थोराची ओळख करून दिली ती एका बसचालकाने. आणि आम्ही त्याला हसलो होतो.